सोप्यातला धूर आणि आजारी मूल : पाहुण्यारावळ्यांच्या घरात करायची व्यवस्था

ज्यांच्या मुलाला नुकतेच बालदम्याचे, जन्मजात हृदयविकाराचे, सिकलसेलचे (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) किंवा फुप्फुसाच्या एखाद्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचे निदान झाले आहे आणि ज्यांच्या घरात विडी-सिगारेट ओढणारी वडीलधारी माणसे राहतात किंवा वरचेवर येतात, अशा आईवडिलांसाठी हा लेख आहे. मी सातारा तालुक्यातल्या एका गावात सून म्हणून आले. मुलाला तिसऱ्या वर्षी बालदमा असल्याचे समजले, तेव्हा औषधे कोणती, पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून, कसा द्यायचा, पुन्हा दाखवायला कधी यायचे, हे सगळे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. मात्र सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी बैठकीच्या भागात, बसून विडी ओढणाऱ्या चुलत सासऱ्यांना काय सांगायचे आणि ते कोणी सांगायचे, हे मला कोणीच सांगितले नाही. ते शिकायला आम्हाला दोन वर्षे लागली आणि त्या दोन वर्षांत मुलाला तीनदा दवाखान्यात ठेवावे लागले.

अडचण अशी आहे, की मूल लहान असल्यामुळे उठून जाऊ शकत नाही आणि सून असल्यामुळे आई बोलू शकत नाही. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला ‘इथे ओढू नका’ म्हणणे म्हणजे त्याला भरल्या ताटावरून उठवण्यासारखे मानले जाते. त्यामुळे माणसाला अडवायला गेलो की वाद मानापमानाचा होतो आणि मूल बाजूला राहते. आमच्या घरी उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा : बंधन माणसावर न घालता जागेवर घातले. अमुक माणसाने ओढू नये असे न म्हणता, या उंबऱ्याच्या आत कोणीच ओढत नाही, असे ठरवले. पुढच्या सगळ्या पायऱ्या या ठरवण्याभोवतीच्या आहेत.

सुरुवात : धूर नेमका काय करतो, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगावे

हे काम टाळून थेट नियमाकडे गेल्यास नियम टिकत नाही, कारण घरातल्या बहुतेकांना मनापासून वाटत असते, की ‘आम्ही तर दाराशी बसतो, धूर बाहेर जातो’. खोलीत साठणाऱ्या धुरातला मोठा भाग ओढणाऱ्याच्या तोंडातून आलेला नसतो. तो विडीच्या जळत्या टोकाकडून, कोणत्याही गाळणीतून न जाता, थेट हवेत मिसळलेला असतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने सापडली आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगाशी संबंधित आहेत. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर दोन वर्षांचे मूल २५ ते ३० वेळा घेते. म्हणजे त्याच खोलीत, तेवढ्याच वेळात, वजनाच्या मानाने मुलाच्या छातीत जास्त धूर जातो. त्यातच लहान मुलाच्या श्वासनलिका मुळात अरुंद असतात, त्यामुळे मोठ्या माणसाला नुसता ठसका लागेल एवढ्या सुजेने मुलाचा श्वास अडतो.

आजारानुसार धोका थोडा वेगळा असतो आणि तो आपल्या मुलापुरता डॉक्टरांकडून समजून घ्यावा. बालदम्यात धूर हा झटका आणणारे कारण ठरतो आणि रोजचे प्रतिबंधक औषध चालू असले तरी तो आपले काम करतोच. हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेल्या मुलासाठी धुरातला कार्बन मोनॉक्साइड अधिक घातक असतो, कारण तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो आणि मुळातच अपुऱ्या असलेल्या ऑक्सिजनमध्ये वाटेकरी होतो. सिकलसेलच्या मुलांमध्ये धुरामुळे छातीत तीव्र दुखणे आणि धाप लागण्याचा गंभीर प्रकार ओढवू शकतो. कर्करोगावर औषधोपचार चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती खाली आलेली असते आणि धुराने सुजलेल्या श्वासमार्गात संसर्गाला वाट मिळते.

विडी ‘पानाची’ असते म्हणून सौम्य असते, हा समज आमच्याकडे फार पक्का आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज खेळत नाही, विडी विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात आणि तिच्या धुरात निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड साध्या सिगारेटपेक्षा कमी तर नसतातच, उलट जास्त असतात. मुंबई-पुण्याहून येणारे तरुण भाचे-पुतणे कधी विजेवर चालणारी सिगारेट घेऊन येतात आणि ‘ही नुसती वाफ आहे’ असे सांगतात. त्या वाफेतही बहुधा निकोटिन असते, आणि या वस्तूंच्या उत्पादनावर व विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. तिलाही तोच नियम लावावा.

आता माझी चूक सांगते, कारण ती बहुतेक घरांत होते. पाहुणे सोप्यात बसले की मी मुलाला माजघरात नेऊन दार लावून घेत असे आणि दाराच्या फटीला चादर लावून निर्धास्त होत असे. जुन्या घरात भिंती माळवदापर्यंत पूर्ण भिडलेल्या नसतात आणि जिथे भिडलेल्या असतात तिथेही दार दहा वेळा उघडावे लागते. चहा न्यायचा असतो, पाणी द्यायचे असते. धूर घरभर फिरतो. पंखा लावल्याने तो निघून जात नाही, पसरतो. उदबत्ती किंवा सुवासिक फवारा वास झाकतो आणि वर स्वतःची भर घालतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट म्हटले आहे, की वेगळी खोली, हवा खेळती ठेवणे किंवा हवा शुद्ध करणारे यंत्र यांपैकी कशानेही बंद जागेतला हा धोका पूर्ण जात नाही आणि या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. हवा शुद्ध करणारे यंत्र धुरातले कण काही प्रमाणात पकडते, वायू मात्र बहुतांशी तसेच राहतात. त्यामुळे दहा-पंधरा हजार रुपये त्यात घालण्याआधी अंगणात एक पत्र्याचा आडोसा उभारावा, असे माझे मत आहे.

वही आणि चिठ्ठी

महिनाभर एक साधी वही ठेवावी. तारीख, घरी कोण आले होते, कोणी कुठे बसून ओढले, त्या रात्री मूल खोकल्याने किती वेळा उठले, तात्काळ आरामाचा पंप किती वेळा द्यावा लागला, एवढेच लिहावे. प्रामाणिकपणे लिहावे, सर्दी झाली असेल, मळणीची धूळ उडाली असेल, शेजारच्या रानात उसाचे पाचट जाळले असेल, तर तेही नोंदवावे, नाहीतर सगळा दोष एकाच माणसावर टाकल्यासारखे होते आणि ते माणूसही ओळखते. आमच्या वहीत चार आठवड्यांत पाहुणे आलेल्या पाच दिवसांपैकी चार रात्री वाईट गेलेल्या दिसल्या. ही वही भांडणासाठी नाही, डॉक्टरांना दाखवण्यासाठी आहे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विनंती करून केसपेपरवर किंवा वेगळ्या कागदावर मराठीत दोन ओळी लिहून घ्याव्यात : ‘या मुलाच्या घरात व वाहनात विडी, सिगारेट यांचा धूर पूर्ण बंद असावा.’ खाली सही-शिक्का असावा. बहुतेक डॉक्टर आनंदाने लिहून देतात. या कागदाची किंमत पहिल्यांदा लक्षात येत नाही. सासऱ्यांना सुनेने काही सांगणे आणि सासऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी स्वतः वाचणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शक्य असल्यास ओढणाऱ्या माणसालाच एकदा तपासणीला बरोबर न्यावे. माझे चुलत सासरे वर्षभर ‘पोरांना कफ व्हायचाच’ असे म्हणत होते; नातवाला नेब्युलायझरचा मुखवटा लावून अर्धा तास मांडीवर घेऊन बसल्यावर ते परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत आणि गावाच्या फाट्यावर उतरल्यावर नेहमीप्रमाणे पानपट्टीकडे वळले नाहीत. त्या एका दिवसाने विडी सुटली असे नाही, पण घरात ओढणे तिथून कमी झाले.

आणखी एक. आजाराचे नाव लपवू नये. दम्याचे नाव निघाले की पुढे मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, सोयरिकीत अडचण येईल अशा भीतीने अनेक घरांत ‘जरा सर्दीचा त्रास आहे’ असेच सांगितले जाते. सर्दीसाठी कोणी विडी विझवत नाही.

घरातले आधी एक करावे

पाहुण्यांना सांगण्याआधी नवरा-बायको, सासू-सासरे आणि मोठे दीर-जाऊ यांचे एकमत होणे आवश्यक आहे, कारण एका तोंडाने नियम सांगून दुसऱ्या तोंडाने ‘असू द्या हो, आजच्या दिवस’ म्हटले गेले, की तो नियम त्याच दिवशी संपतो. या बैठकीत एक गोष्ट ठरवावी : कोण कोणाला सांगणार. आमचा ठराव असा, की ज्याचे रक्ताचे नाते त्याने सांगायचे. माझ्या माहेरच्या मामांना मी सांगते, चुलत सासऱ्यांना माझे पती सांगतात, नणंदेच्या यजमानांना माझ्या सासूबाई सांगतात. जावयाला सुनेने काही सांगणे आमच्याकडे शोभत नाही, सासूने सांगितले तर मात्र तो नकार देऊ शकत नाही. घरातली सर्वांत वडील बाई या कामात बाजूने उभी राहिली तर निम्मे काम झाले असे समजावे. तिला पटवण्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यावा.

सासूबाईंशी बोलताना मिश्रीचा विषयही निघेल आणि तो काढावाच लागतो. तव्यावर तंबाखू भाजताना उठणारा धूर हा तंबाखूचाच धूर असतो, आणि कोणी ओढत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. ज्या घरात मिश्री भाजली जाते, तिथे पुरुषांना विडी बाहेर न्यायला सांगण्याचा अधिकार लंगडा पडतो. आमच्या सासूबाईंनी भाजण्याचे काम आधी परड्यातल्या चुलीवर नेले आणि नंतर मिश्रीच बंद केली. पहिले जमले तरी मुलापुरते पुरेसे आहे.

जागा नेमून देणे

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानते. ‘बाहेर जाऊन ओढा’ असे म्हणून भागत नाही, कारण बाहेर म्हणजे कुठे हे न सांगितल्यास माणूस उंबऱ्यावर, पायरीवर किंवा खिडकीखालच्या कट्ट्यावर बसतो आणि वाऱ्याने सगळा धूर परत आत येतो. म्हणून जागा आपण शोधावी, मांडावी आणि तिला मान द्यावा.

जागा दार-खिडक्यांपासून निदान वीस-पंचवीस फूट दूर असावी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून शक्यतो ती घराच्या पूर्वेच्या अंगाला असावी. थंडीत वारे फिरतात, तेव्हा उदबत्तीचा धूर कोणीकडे जातो ते एकदा पाहून खुर्ची हलवावी. गोठा जवळ असला तरी निवडू नये, कारण तिथे कडबा असतो आणि एक ठिणगी पुरे होते. मुलांच्या खेळण्याची, पाणी भरण्याची किंवा कपडे वाळत घालण्याची जागाही नसावी. आम्ही परड्याच्या कडेला आंब्याखालची जागा नेमली. तिथे दोन खुर्च्या, बसायला एक पोते आणि थोटके टाकायला वाळू भरलेला तेलाचा रिकामा डबा ठेवला. डब्याला झाकण असावे, कारण रांगते मूल थोटूक उचलून तोंडात घालते आणि त्यातल्या निकोटिनने लहान मुलाला विषबाधा होऊ शकते. तसे घडलेच, तर मुलाला ओकारी काढायला लावू नये. उरलेले तोंडातून काढून, थेट दवाखाना गाठावा.

खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या घरांत आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही, माणसे सोप्यात अडकून पडतात आणि त्या दिवसांत ‘आंब्याखाली जा’ हे कोणी ऐकणार नाही, ऐकावे अशी अपेक्षाही करू नये. त्यासाठी चार बांबू आणि दोन पत्रे टाकून तीन बाजू उघड्या असलेला आडोसा उन्हाळ्यातच करून ठेवावा. आम्हाला तो जुन्या पत्र्यांत झाला, खर्च फक्त खिळ्यांचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा आला. साताऱ्यातल्या पेठांमध्ये किंवा शाहूपुरी-गोडोलीकडच्या इमारतींत राहणाऱ्यांना परडे नसते, त्यांनी गच्ची किंवा इमारतीच्या फाटकाबाहेरची जागा नेमावी. जिना नेमू नये, कारण जिन्यातला धूर वरच्या प्रत्येक दारात शिरतो. सज्जाही नेमू नये, त्याचे दार घरातच उघडते.

शौचालयाचा विचार कोणी करत नाही. विडीशिवाय पोट साफ होत नाही, असे मानणारी माणसे पहाटे तिथे ओढतात आणि अर्ध्या तासाने त्याच कोंडलेल्या धुरात मूल जाते. घराला लागून शौचालय असेल तर ते नियमात धरावे, आणि ते वडीलधाऱ्या माणसाला सांगण्याचे काम मुलाने किंवा नातवाने नव्हे, त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या भावाने करावे. असे विषय बरोबरीच्यांतच निघतात.

पाहुण्यांना सांगणे

पाहुणा दारात आल्यावर, खिशातून बंडल निघाल्यावर सांगायला गेलो तर तो अपमान ठरतो. येण्याचा निरोप येतो तेव्हाच फोनवर सांगावे. यात्रेच्या आमंत्रणाबरोबर, मुक्कामाच्या गोष्टीबरोबर, सहज सांगितलेले माणूस सहज स्वीकारते. माझे पती जे बोलतात ते जसेच्या तसे देते : ‘तात्या, यात्रेला दोन दिवस आधीच या. बाळाला डॉक्टरांनी धुराची सक्त मनाई केलीय, म्हणून आम्ही समद्यांनीच घरात बंद केलंय. तुमची बैठक आंब्याखाली मांडलीय, चहा तिथंच येईल.’ यात मनाई डॉक्टरांची आहे, बंधन सगळ्यांना आहे आणि तात्यांसाठी बैठक मांडलेली आहे. कोणत्याही वाक्यात तात्यांची चूक काढलेली नाही.

चहा तिथेच नेऊन देणे, हा भाग विसरू नये. माणसाला ओढण्यासाठी बाहेर काढले आणि गप्पा आत चालू राहिल्या, तर ते त्याला वाळीत टाकल्यासारखे वाटते. पहिल्या यात्रेला माझे पती स्वतः न ओढताही त्यांच्याबरोबर आंब्याखाली जाऊन बसत, जरा वाऱ्याच्या उलट बाजूला. दुसऱ्या वर्षी चार-पाच जण आपसूक तिथेच बैठक मारू लागले, आणि भावकीतल्या जमिनीच्या गोष्टी सोप्यापेक्षा तिथे जास्त मोकळेपणाने होतात असे आता ऐकते.

तरीही कोणीतरी सवयीने सोप्यात विडी पेटवतोच. अशा वेळी मोठ्याने टोकू नये, भाषणही देऊ नये. घरातल्या ठरलेल्या माणसाने उठून, ‘चला काका, बाहेर बसू’ असे म्हणत स्वतः आधी बाहेर पडावे. बहुतेक माणसे मागोमाग येतात. जो येत नाही, त्याच्या बाबतीत मुलाला ताबडतोब त्या घरातून हलवावे, शेजारी, चुलतघरी, जिथे धूर नाही तिथे, आणि पाहुणा गेल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या माणसादेखत नव्हे तर एकट्याला, फोन करून सांगावे. आमच्या नात्यातले एक गृहस्थ या नियमावरून जेवण न करता उठून गेले होते. त्या रात्री घरात कोणालाच घास गोड लागला नाही. ते पुन्हा यायला दीड वर्ष लागले, आणि आले तेव्हा त्यांनीच फाटकाबाहेर विडी विझवली. प्रत्येक वेळी असे होईल असे मी म्हणणार नाही. एखादे नाते दुरावेलही, आणि तो हिशेब आईवडिलांनी आधीच मनाशी करून ठेवावा.

मुलालाही त्याच्या वयाप्रमाणे शिकवावे, की कोणी पेटवले तर न विचारता उठून आजीकडे जायचे आणि असे उठण्यासाठी कोणी रागावणार नाही. त्याला किंवा त्याच्या भावंडांना ‘जा, एक बंडल घेऊन ये’ म्हणून पानपट्टीवर पाठवणे पूर्ण बंद करावे. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे कायद्याने गुन्हाच आहे.

ओढून आल्यानंतर

बाहेर ओढून आलेला माणूस लगेच मुलाला उचलून घेतो, आणि ते प्रेम असते, म्हणून अडवणे जड जाते. शेवटच्या झुरक्यानंतरही काही श्वासांबरोबर धूर बाहेर पडत राहतो आणि कपड्यांवर, मिशांवर, बोटांवर त्याचा थर राहतो. म्हणून आडोशाजवळच पाण्याची बादली, साबण आणि एक जुना सदरा किंवा टॉवेल ठेवावा. ओढताना सदरा अंगावर घालायचा, झाल्यावर तिथेच अडकवायचा, हात-तोंड धुवायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि मग मूल घ्यायचे. ज्या घरात बाहेरून आल्यावर पाय धुऊन आत येण्याची पद्धत अजून टिकून आहे, तिथे ही सवय लावायला फारसे कष्ट पडत नाहीत.

जुना थर वाकळ, घोंगडी, गादी आणि पडदे यांत महिनोन्महिने राहतो. नियम सुरू करताना एकदा सगळ्या वाकळा धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात, सोप्याला रंग किंवा चुना द्यावा आणि मुलाचे अंथरूण ओढणाऱ्या माणसाच्या अंथरुणापासून वेगळे करावे. आजोबांच्या कुशीत झोपायची सवय असलेल्या मुलाला हे पटत नाही, आणि आजोबांना तर त्याहून पटत नाही. आमच्याकडे त्याच कारणाने विडी संध्याकाळी सातनंतर बंद झाली, म्हणजे अंघोळ करून, सदरा बदलून नातू कुशीत घेता येतो.

प्रवास, यात्रा आणि मंगल कार्यालय

बंद गाडीत एक सिगारेट घरातल्या कित्येकींच्या बरोबरीची असते. जागा लहान असल्यामुळे धूर दाट होतो आणि काच खाली केल्याने तो संपत नाही. भाड्याची गाडी ठरवतानाच चालकाला सांगावे आणि लांबच्या प्रवासात ओढणाऱ्यांसाठी थांबे ठरवावेत, म्हणजे खंबाटकीचा घाट लागायच्या आत कोणाची तलफ अनावर होत नाही. वडापमध्ये, म्हणजे प्रवासी भरून जाणाऱ्या खासगी गाडीत, मुलाला घेऊन बसण्याआधी गाडीत कोणी ओढत नाही ना, ते पाहावे आणि ओढत असल्यास पुढची गाडी धरावी. दहा मिनिटांसाठी भांडण्यात अर्थ नाही. एसटीत आणि स्थानकात मात्र कायदा आपल्या बाजूचा आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी असून २०० रुपयांपर्यंत दंड होतो. वाहकाला सांगावे, तो सांगतो. हा कायदा आपल्या सोप्यात येत नाही, म्हणूनच एवढा खटाटोप.

लग्नाच्या आधी मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला फोन करून वेगळी खोली किंवा मंडपाच्या वाऱ्याकडील बाजूची जागा मागावी. मांढरदेव किंवा पालीच्या यात्रेसारख्या पौषातल्या मोठ्या गर्दीत धुळीची, धुपाची आणि धुराची भर एकत्र पडते आणि थंडीही असते. ज्याचा आजार आटोक्यात नाही अशा मुलाला तिथे नेऊ नये, नवस असेल तर आईवडिलांपैकी एकाने फेडून यावे.

घरात मयत झाल्यावर, दहाव्या-तेराव्याला, नियम सांगू नये. त्या दिवसांत माणसे दुःखाने आणि जागरणाने ओढतात आणि त्यांना अडवणारे घर कोणी विसरत नाही. तेवढे दिवस मुलाला औषधांसह मावशीकडे किंवा आजोळी ठेवावे.

घरी ऑक्सिजन असेल तर

मुलाला घरी सिलिंडर किंवा यंत्रातून ऑक्सिजन द्यावा लागत असल्यास प्रश्न फक्त श्वासाचा राहत नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात साधी ठिणगी भडकते आणि कपडे-अंथरूण क्षणात पेट घेतात. त्या घरात विडी, सिगारेट, काडेपेटी, देवघरातली समई यांपैकी काहीही त्या खोलीत येता कामा नये. इथे नात्याचा मुलाहिजा ठेवू नये. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावावी.

धूर लागलाच तर

मुलाला आधी मोकळ्या हवेत न्यावे, ताठ बसवावे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात तात्काळ आरामाचा पंप स्पेसरमधून द्यावा. हे प्रमाण कागदावर लिहून सोप्यात आणि मुलाबरोबरच्या पिशवीत ठेवावे, म्हणजे आई घरात नसली तरी आजी-आजोबा देऊ शकतात. श्वास घेताना बरगड्यांखाली किंवा गळ्याजवळ खळगा पडणे, एका श्वासात वाक्य पूर्ण न करता येणे, दूध किंवा पाणी घेता न येणे, ओठ निळसर होणे, मूल सुस्त पडणे किंवा पंपाने आराम न मिळणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचे रुग्णालय गाठावे. हृदयाच्या आणि सिकलसेलच्या मुलांसाठी धोक्याची लक्षणे वेगळी असतात, ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत.

ज्याला सोडायचे आहे त्याच्यासाठी

जागा ठरल्यावर काही महिन्यांनी एखादा माणूस स्वतःहून म्हणतो, ‘आता सोडूनच टाकावी.’ ते वाक्य वाया जाऊ देऊ नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक २०१८ पासून पाकिटांवर छापलेला असतो, आणि ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास मोबाइलवर मदतीचे संदेश येऊ लागतात. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाची चौकशी करावी. निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्ट्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. दोन दिवस मुक्कामाला येणाऱ्या आणि सोडण्याची इच्छा नसलेल्या पाहुण्यालाही तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग होतो. विडीऐवजी तंबाखू-चुन्याची किंवा गुटख्याची सवय लागणार नाही याकडे लक्ष ठेवावे, कारण ती मुलाच्या छातीला वाचवते पण आजोबांच्या तोंडाचा घास घेते.

गौरी-गणपतीच्या आधी आणि गावच्या यात्रेच्या आधी, वर्षातून दोनदा, आंब्याखालची खुर्ची, डब्यातली वाळू, आडोशाचे पत्रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी तपासून घ्यावी. आमच्या चिठ्ठीवरची शाई उन्हाने फिकी पडली होती. यंदा ती नव्याने लिहून आणली आणि प्लास्टिकमध्ये घालून लावली.